विंगेत कुणी नको

नव्या लॅपटॉपला वाय-फाय नावाची वस्तू जगात आहे हेच ठाऊक नव्हतं. नवा म्हणजे आमच्या घरात नवा. तसा तो दोन-तीन हातांतून फिरून आलेला, बॅटरीनं केव्हाच मान टाकलेली, त्यामुळे वायर भिंतीत असेल तोवरच जिवंत. तो आणला होता दाजींनी, म्हणजे ताईच्या, माझ्या थोरल्या बहिणीच्या, नवऱ्यानं. एवढ्या स्वस्तात अशी वस्तू कुणाला मिळत नसते, हे त्यांनी इतक्यांदा ऐकवलं होतं की मी मान डोलवायचंही सोडून दिलं होतं. नाट्यगृहात प्रेक्षकांच्या मागे, दिवे चालवायची जी काचेची खोली असते, तिथे टेबलावर तो उघडून मी बसले होते. संध्याकाळी ताईचा प्रयोग होता. आणि लॅपटॉपच्या पडद्यावर, जिथे आसपासच्या वाय-फायची नावं दिसायला हवीत, तिथे एकच ओळ होती : वायरलेस अडॅप्टर सापडला नाही.

मी शांत स्वभावाची नाही, हे आधीच सांगून टाकते. ती ओळ वाचून मी दाजींना त्यांच्या दुकानदारासकट जे काही म्हटलं, ते ताईला ऐकू येत नाही हे बरंच झालं.

ताईला जन्मापासून ऐकू येत नाही, आणि ताई नर्तकी आहे. या दोन गोष्टी एका दमात सांगितल्या की समोरचा माणूस आधी मला नीट बघून घेतो, मग विचारतो, तिला ताल कसा कळतो? मंच लाकडी असला आणि खाली पोकळी असली तर ठोका तिच्या तळव्यांतून वर चढतो. पण असे मंच राहिलेत किती? बहुतेक ठिकाणी सिमेंटवर नुसत्या फळ्या ठोकलेल्या असतात, तिथे तळव्यांना काही लागत नाही. म्हणून इतकी वर्षं कुणीतरी विंगेत, मंचाच्या कडेला पडद्याआड, उभं राहून हातानं ताल द्यायचं. आधी आई द्यायची, मी मोठी झाल्यावर मी. हात वर गेला की सुरुवात, तळवा खाली म्हणजे लय संथ, मूठ म्हणजे थांब. ताई नाचता नाचता डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघायची, आणि आमचं ते इतकं अंगवळणी पडलं होतं की जेवतानाही मी हात वर केला तर ती ताठ बसायची.

गेल्या प्रयोगानंतर एका समीक्षकानं लिहिलं की थोरली नाचते ती धाकटीच्या हातांवर. त्यानं ते कौतुकानंच लिहिलं होतं. आईचे डोळे भरून आले, मलाही आतून गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोलू. ताईनं मात्र ते वाचलं, बाजूला ठेवलं आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ताई हातांनी बोलते, तेव्हा ती म्हणाली असं जिथे मी लिहीन तिथे हातांनी म्हणाली असं समजायचं. ती म्हणाली, "पुढच्या वेळी विंगेत कुणी नको."

मग दिव्यांची कल्पना मला सुचली, हे मी अजूनही येईल-जाईल त्याला सांगते. मी लिफ्टच्या कंट्रोल पॅनलचे प्रोग्रॅम लिहिते. कुठल्या क्षणी कुठलं दार उघडायचं हे यंत्राला शिकवता येतं, तर कुठल्या ठोक्याला कुठला दिवा लावायचा हे का नाही शिकवता येणार? मी लिनक्सवर एक प्रोग्रॅम लिहिला. तो संगीत वाजवतो आणि त्याच वेळी मंचाच्या काठावर जमिनीलगत ठेवलेल्या दिव्यांचे रंग बदलतो. प्रेक्षकांना वाटतं सजावट आहे. ताईला तो ताल असतो. दाजींच्या खोक्यांच्या गोदामात, पुठ्ठ्यांच्या ढिगांमध्ये जागा करून, आम्ही कित्येक महिने तालीम केली. आधी ती दिव्यांवर चिडली, मग माझ्यावर चिडली, मग एका दुपारी तिनं सगळा नाच एकदाही माझ्याकडे न बघता केला आणि संपल्यावर गोदामात गोल गोल धावत सुटली.

आणि प्रयोगाच्या आदल्या दिवशी माझा जुना लॅपटॉप मेला. सरळ मेला, आजारबिजार काही नाही. प्रोग्रॅमची प्रत पेनड्राइव्हवर होती म्हणून माझा जीव भांड्यात पडला, आणि दाजी धावत जाऊन हा दुसरा घेऊन आले. त्यावर विंडोज होतं. वाय-फायही उत्तम चालत होतं, असं दाजींचं म्हणणं. मी ते बघितलंच नाही. लॅपटॉप हातात आल्या आल्या मी विंडोज पुसलं आणि लिनक्स टाकलं, कारण माझा प्रोग्रॅम तिथेच चालतो. चपळाई म्हणावी तर माझी. तपासणं वगैरे नंतर, सकाळी नाट्यगृहात बसून.

भाड्यानं आणलेले दिवे बिनतारी होते. त्यांना वायर जोडायला जागाच नव्हती, ते हवेतूनच हुकूम घ्यायचे. म्हणजे वाय-फाय नाही तर दिवे नाहीत, आणि दिवे नाहीत तर नाच नाही.

दाजी चहाचे पेले घेऊन वर आले आणि माझ्या खांद्यावरून डोकावले. त्यांच्या मते लिनक्स हा मुद्दाम वाकड्यात शिरणाऱ्या माणसांचा छंद आहे. "फोनचं नेट जोड ना वायरनं," ते म्हणाले, आणि मी ते आधीच जोडलंय हे बघून ते खूश झाले. झालं तर मग, असं म्हणून त्यांनी पेला टेकवला. मला त्यांना समजावून सांगावं लागलं की इंटरनेट मिळालं म्हणजे दिवे मिळाले असं नाही. प्रोग्रॅम सगळ्या दिव्यांना एकदम हाक मारतो, आणि मधे फोन बसला की ती हाक फोनपाशीच अडकते, दिव्यांपर्यंत पोचत नाही. बाजारात वाय-फायची एक चिमुकली काडी मिळते, ती यूएसबीत खोचली की काम होतं. पण तो बाजार बंद असण्याचा वार होता. दाजी तरी गाडी घेऊन दोन चकरा मारून आले आणि सगळीकडे शटर बघून परतले. हे त्यांनी न सांगता केलं, हे मला नंतर कळलं.

तेव्हा त्या लॅपटॉपच्या पोटात जी चिप होती तिलाच बोलतं करणं भाग होतं. मी तिचं नाव आणि नंबर शोधून काढला आणि तो इंटरनेटवर टाकला. जे लोक भेटले ते सगळे माझ्यासारखेच कपाळाला हात लावून बसलेले होते. ही चिप लिनक्सवर चालत नाही. चालत नाही. बदलून टाका. नशिबाला बोल लावा. आणि मग खाली, अगदी खाली, कुणीतरी लिहिलेलं होतं की मी हिच्यासाठी ड्रायव्हर लिहिला आहे, माझ्याकडे चालतो, तुमचं तुम्ही बघा.

मला त्या अनोळखी माणसाचे पाय धरावेसे वाटले. ड्रायव्हर म्हणजे दुभाष्या. यंत्र एक भाषा बोलतं, चिप दुसरी, आणि मधे हा बसतो. आमच्या घरात दुभाष्याची किंमत कुणाला सांगावी लागत नाही.

पण तो दुभाष्या तयार मिळत नव्हता. त्याचा मजकूर उतरवून घ्यायचा आणि आपल्या यंत्रावर स्वतः बांधायचा, असा प्रकार होता. मी आधी सगळी यंत्रणा अद्ययावत करून घेतली, जे जे नवं असेल ते ते उतरवून घेतलं, पाहुणे यायच्या आधी घर झाडून घेतात तसं. मग ड्रायव्हर बांधायला घेतला. पडद्यावर ओळी धावायला लागल्या, धावता धावता थांबल्या, आणि लाल अक्षरांत चुकांची रांग लागली.

हे चाललेलं असतानाच आई वर आली. आईकडे पोशाखांचं काम होतं. तिच्या गळ्यात मापाची टेप होती आणि ओठांत टाचण्या. तिनं माझं तोंड बघितलं आणि तिला विचारायची गरज पडली नाही. टाचण्या काढून ती म्हणाली की एवढं कशाला जिवाला लावून घेतेस, मी उभी राहते विंगेत, मला अजून सगळं येतं. खरंच येत होतं तिला. मीही मनातून तेच धरून बसले होते की अगदीच घोडं पेंड खायला लागलं तर विंग आहेच.

ताई दारात उभी होती हे आम्हा दोघींना दिसलं नव्हतं. आईच्या ओठांवरून तिनं विंग हा शब्द बरोबर उचलला. ती आत आली, आमच्या आणि लॅपटॉपच्या मधे उभी राहिली.

"दिवे नसतील तर मी मंचावर जाणार नाही," ती म्हणाली. "लोकांना घरी पाठवा."

आईनं तिला समजावायला हात उचलले, तर ताईनं तिचे दोन्ही हात आपल्या हातात धरून ठेवले. आमच्यात हे फार उद्धटपणाचं आहे. कुणाचे हात धरणं म्हणजे त्याच्या तोंडावर हात ठेवणं. ताईनं हात सोडले, आईच्या गळ्यातली टेप सरळ केली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "तू कर. तुला येतं." आणि खाली निघून गेली.

आता माझ्या अंगात आलं. दुसरा शब्द नाही. मी त्या लाल ओळी एकेक करून वाचायला लागले. ड्रायव्हर लिहून बराच काळ झाला होता, दरम्यान लिनक्सच्या गाभ्यात, ज्याला कर्नल म्हणतात त्यात, काही गोष्टींची नावं बदलली होती. म्हणजे दुभाष्या चांगला होता, फक्त त्याचे काही शब्द जुने झाले होते. त्याच पानावर खाली आणखी कुणीतरी लिहिलं होतं की या ठिकाणी हे बदला, त्या ठिकाणी ते. मी बदललं. पुन्हा ओळी धावल्या, आणखी पुढे जाऊन थांबल्या. मी टेबलावर बुक्की मारली, पण रागानं नाही. आधीपेक्षा पुढे थांबल्या होत्या. मी आणखी एक ओळ बदलली, ती कुणी सांगितलेली नव्हती, ती मला स्वतःला सुचली, आणि या वेळी ओळी धावत धावत शेवटपर्यंत गेल्या आणि एकही लाल अक्षर उमटलं नाही.

दाजी शेजारी खुर्ची ओढून बसले होते. त्यांना एक अक्षर कळत नव्हतं पण ते माझ्याइतकेच पुढे झुकले होते. मी ड्रायव्हर यंत्रात बसवला. काही झालं नाही. मी यंत्राची आतली कुरकुर काढून वाचली, तर त्याचं म्हणणं असं की चिप दिसली, पण तिला सुरू करायची एक फाइल लागते, ती कुठे आहे? म्हणजे ओळख पटली होती. अडॅप्टर सापडला नाही, असं म्हणणारा लॅपटॉप आता अडॅप्टरची फाइल मागत होता. ती फाइल शोधली, उतरवली, जिथे ठेवायची तिथे ठेवली, आणि ड्रायव्हर काढून पुन्हा बसवला.

कोपऱ्यातल्या त्या रिकाम्या जागी आधी एक नाव आलं. मग आणखी एक. मग भराभर सात-आठ, शेजारच्या दुकानांची, वरच्या मजल्यावरच्या कचेरीची, आणि त्यात आमच्या दिव्यांचं नाव. मी किंचाळले. दाजींनी माझी पाठ इतक्या जोरात थोपटली की मला ठसका लागला. पृथ्वीवर त्या क्षणी माझ्याइतकं हुशार कुणी नव्हतं आणि हे कुणी नाकारलं असतं तर मी भांडले असते.

काचेतून मंच दिसत होता. ताई एकटीच, प्रेक्षागृहाकडे पाठ करून, पाय सैल करत होती. मी प्रोग्रॅम उघडला आणि काठावरचे सगळे दिवे एकदम निळे केले. ताई जागच्या जागी थांबली. तिनं पायांशी पडलेला निळा उजेड बघितला, सावकाश वळली, आणि लांबूनही मला दिसेल इतके हात मोठे करून म्हणाली, "किती वेळ लावलास." मग तिला हसू आवरेना, ती मंचावर फतकल मारून बसली आणि दोन्ही तळव्यांनी फळ्या बडवायला लागली.

एकदा सगळा नाच दिव्यांवर करून बघितला. एकही चूक नाही. मग जेवलो. मी काय जेवले ते मला आठवत नाही, पण दाजींच्या ताटातलंही थोडं जेवले.

लोक यायला लागले. बाहेरच्या दालनात गलका वाढला, दार उघडलं आणि रांगा भरू लागल्या. मंचाचा पडदा आधीपासूनच बाजूला होता, कारण हा नाचच असा होता की लोक येतात तेव्हा नर्तकी मंचावर पाठमोरी बसलेली असते. ताई बसली होती. मी लॅपटॉपसमोर होते, सगळं तयार, बोट कळीवर. आई विसरलेली टाचण्यांची डबी न्यायला माझ्या खोलीत आली. तिनं सहज काचेतून खाली पाहिलं, आणि तिला दिसलं की ताईच्या कंबरपट्ट्याचं मागचं टोक सुटून लोंबतंय.

आता आमच्या घरात ताईला हाक मारायची एकच पद्धत आहे. भिंतीवरचं बटण दाबायचं, दिवा लावायचा, बंद करायचा, लावायचा, बंद करायचा. ती कुठल्याही खोलीत असो, उजेड हलला की ती वळते. आईच्या हाताला ती सवय इतकी वर्षांची आहे की मधे डोकं लागतच नाही. खोलीचा दिवा उघडझाप केला की ताई चाहूल लागून मान फिरवेल आणि मग तिला पट्टा दाखवता येईल, असं त्या हातानं ठरवलं. आई दाराजवळच्या बोर्डाकडे गेली आणि पहिलं बटण खटाखट दाबलं.

ते दिव्याचं बटण नव्हतं. ते माझ्या टेबलाच्या प्लगचं होतं.

लॅपटॉपचा पडदा काळा झाला. बॅटरी मेलेली असल्यानं लॅपटॉपनं हूं की चूं केलं नाही. मी आईकडे पाहिलं, आईनं बोटाखालच्या बटणाकडे पाहिलं, आणि तिच्या हातातली डबी खाली पडून टाचण्या खोलीभर सांडल्या.

मी स्वतःला सांगितलं, घाबरू नकोस, ड्रायव्हर बसवलेला आहे, पुन्हा सुरू होईल. बटण लावलं, लॅपटॉप सुरू झाला, त्याला जितका वेळ लागायचा तितका त्यानं घेतला. प्रोग्रॅम उघडला. कोपऱ्यात पाहिलं. वायरलेस अडॅप्टर सापडला नाही.

मी ड्रायव्हरला हाक मारली, यंत्र म्हणालं असा कुणी इथे राहत नाही. मी पुन्हा मारली. खाली रांगा भरत आल्या होत्या, कुणीतरी खोकत होतं, कुणीतरी फोनवर बोलत होतं, आणि मंचावर ताई तशीच पाठमोरी, मान ताठ, पायाखालच्या उजेडाची वाट बघत. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिच्यापर्यंत पोचायचं तर मंचावर जावं लागलं असतं, सगळ्या लोकांसमोर.

आईचा चेहरा बघवत नव्हता. ती म्हणाली, मी जाते, मी विंगेत जाते, माझ्यामुळे झालं ना, मी निस्तरते. आणि ती निघालीसुद्धा. खरं सांगते, माझं तोंड हो म्हणायला उघडलं होतं. एका होकारानं सगळं सोपं झालं असतं, लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या, कुणाला काही कळलं नसतं. ताईला मात्र उजवीकडे नजर टाकताच आई दिसली असती.

"आई, नको," मी म्हणाले. "तू दिसलीस तर ती उठून जाईल. आणि तिचं बरोबर असेल."

आई दारातच खाली बसली, टाचण्यांमध्ये.

तेवढ्यात दाजी धापा टाकत आले. लोक बसलेत, सुरू का होत नाही? मी म्हटलं, वाय-फाय गेलं. त्यांनी काळजीनं विचारलं, "बंद करून परत चालू करून पाहिलंस का?"

मी त्यांना काय उत्तर देणार होते ते इथे लिहिण्यासारखं नाही. ते उत्तर ओठांवर असतानाच माझी नजर पडद्यावरच्या एका आकड्यावर गेली. ड्रायव्हर सापडला नाही असं सांगताना यंत्र आपल्या कर्नलचा आकडाही दाखवतं. तो आकडा सकाळचा नव्हता. तो मोठा होता.

आणि लख्ख उजाडलं. सकाळी मी झाडलोट केली होती ना, जे जे नवं ते ते आणलं होतं. त्यात नवा कर्नलही आला होता, आणि तो गुपचूप आपली पाळी यायची वाट बघत बसला होता. जोवर लॅपटॉप बंद झाला नाही तोवर जुनाच कर्नल काम करत होता, आणि माझा दुभाष्या मी त्या जुन्यासाठी बांधला होता. आईनं बटण दाबलं तेव्हा नव्यानं गादी घेतली. दुभाष्या कुठे गेला नव्हता. मीच त्याला चुकीच्या घरी शोधत होते.

"दाजी," मी म्हणाले, "तुमचं बरोबर आहे."

त्यांना बसायला काही तरी शोधावं लागलं.

मी लॅपटॉप बंद केला आणि सुरू होतानाच एक कळ दाबून धरली. तशी धरली की यंत्र निमूट सुरू होण्याऐवजी विचारतं, कोण हवंय? यादी आली. वर नवा कर्नल, खाली जुना. मी जुना निवडला. घाईत दोनदा बाण चुकीच्या ओळीवर गेला होता. मग काळा पडदा, मग पांढरी अक्षरं, मग ती नेहमीची निवांत चालढकल. खाली कुणीतरी टाळी वाजवली, उशीर झाला की वाजवतात तशी, आणि आणखी दोघा-तिघांनी साथ दिली. ताईला ती टाळी ऐकू आली नाही, पण समोरच्या रांगेत हललेल्या सावल्या तिला मंचावर दिसल्या असाव्यात, कारण तिचे खांदे किंचित वर गेले.

कोपऱ्यात एक नाव आलं. मग भराभर बाकीची. त्यात आमच्या दिव्यांचं.

मी कळ दाबली. प्रेक्षागृहात अंधार झाला आणि मंचाच्या काठावर निळा उजेड पसरला. ताईचे खांदे खाली आले, आणि ती उठली.

पट्ट्याचं टोक लोंबतच होतं. ते नाचात इतकं सुंदर उडत होतं की नंतर दोघांनी त्याची तारीफ केली.

मला आता काही काम नव्हतं. प्रोग्रॅम संगीत वाजवत होता, दिवे बदलत होता, आणि मी हात मांडीवर ठेवून बसले होते. इतक्या वर्षांत मी ताईचा नाच समोरून कधी बघितलाच नव्हता. विंगेतून दिसतो तो एका बाजूचा नाच, त्यात निम्मं लक्ष आपल्या हातांकडे. समोरून ती उंच दिसत होती. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी ते पुसतही नव्हते, कारण पुसताना एखादी हालचाल निसटली असती. दाजी आणि आई काचेला नाक लावून उभे होते.

दुसरा भाग संपला की संगीत थांबतं. सगळं स्तब्ध. ताई एका पायावर, हात पसरलेले. मग तिसरा भाग एका ठोक्यानं सुरू होतो आणि त्याच क्षणी दिवे निळ्याचे पिवळे होतात. हा सगळ्या नाचातला सर्वांत अवघड क्षण, गोदामात इथेच आमची भांडणं झाली होती. त्या क्षणी विंगेतला हात वर जायचा.

ठोका पडला. दिवे निळेच राहिले.

प्रेक्षागृहात एवढे फोन, सगळ्यांची हवेत कुजबुज चाललेली, त्यात आमची हाक क्षणभर अडकली होती, हे मला नंतर सुचलं. तेव्हा मला काही सुचलं नाही. माझा उजवा हात आपोआप वर गेला, ताठ, बोटं जुळलेली, सुरुवातीची खूण. अंधाऱ्या खोलीत, काचेमागे, शेवटच्या रांगेच्याही मागे. तो हात बघणारं कुणीच नव्हतं.

आणि ताईचा पाय खाली आला. ठोक्यावर. निळ्या उजेडात, काही न बघता, डोळ्यांच्या कोपऱ्यातूनही नाही. ती पुढे झेपावली, दोन पावलं टाकली, आणि मग तिच्या मागून दिवे पिवळे झाले, धावत धावत तिला गाठल्यासारखे.

माझा हात किती वेळ वर होता मला माहीत नाही. आईनं तो बघितला आणि पुन्हा काचेकडे वळली.

नाच संपल्यावर लोक उभे राहिले. मी जिने उतरून, माणसांमधून वाट काढत, मंचामागे पोचले तेव्हा ताई घामानं निथळत आरशासमोर बसली होती, आणि दाजी तिला वारा घालत होते. मी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले आणि आधी माफीच मागितली. तिसऱ्या भागात दिवे अडकले, मला कळलं नाही, उद्या दुरुस्त करते.

"दिवे उशिरा आले," ताई म्हणाली. "मी नाही."

मी विचारलं, मग तुला कळलं कसं? तिनं खांदे उडवले, जणू मी विचारलं होतं की तुला भूक कशी लागते. मग तिनं मला विचारलं की दिवे अडकले तेव्हा तू काय केलंस. मला खोटं बोलता आलं असतं. मी सांगितलं की माझा हात वर गेला होता, तिथे वर, खोलीत.

ताई पुढे झुकली. मग तिनं माझा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. मी म्हटलं होतं ना, आमच्यात कुणाचे हात धरणं म्हणजे काय, पण हे तसं नव्हतं. तिनं तो गालाला लावला, ओल्या गालाला, आणि बराच वेळ तसाच ठेवला. दाजी वारा घालायचे थांबले.

मग तिनं हात सोडला आणि पायाशी पडलेली पोशाखांची भली मोठी बॅग माझ्याकडे ढकलली.

"मोकळा झालाय ना आता?" ती म्हणाली. "मग उचल."